खारे वारे, लोकरीचे गुंडे आणि घरातले मांजर : वाचकांचे प्रश्न

समुद्राजवळ राहणाऱ्या आणि घरी विणकाम, हस्तकला, बागकाम करणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच साठली होती. ती एकत्र वाचताना लक्षात आले, की प्रश्न झाडाचा असो, सुईचा असो की मांजराच्या पंजाचा, बहुतेकांच्या मुळाशी हवेतून येणारे मीठच आहे. आणि जिथे मीठ नाही तिथे एका छंदासाठी घरात आणलेली वस्तू मांजराच्या जिवावर उठलेली दिसते. म्हणून या अंकात ही पत्रे, थोडी संक्षिप्त करून, एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांतील झाडांची पाने समुद्राच्या बाजूने कडेकडेने करपतात आणि दुसऱ्या बाजूने मात्र हिरवीगार राहतात. मी पाणी वेळेवर देते, खतही देते. हा एखादा रोग असावा का?

उत्तर : तुमच्या वर्णनातच उत्तर दडलेले आहे. रोग दिशा पाहून येत नाही. झाड एकाच बाजूने करपत असेल आणि ती बाजू वाऱ्याची असेल, तर दोष वाऱ्यातल्या मिठाचा समजावा. लाटा फुटतात तेव्हा त्यांतले बुडबुडेही फुटतात आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. वाऱ्याबरोबर ते पानांवर येऊन बसतात, त्यातले पाणी उडून जाते आणि मीठ उरते. हे मीठ पानाच्या पेशींतले पाणी ओढून घेते, शिवाय वाऱ्याने पाने एकमेकांवर घासून पडलेल्या बारीक ओरखड्यांतून आतही शिरते. म्हणूनच आधी टोक, मग कडा आणि मग मधला भाग असा करपण्याचा क्रम असतो. पाऊस नसताना जोराचा वारा सुटला, की त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत हे सर्वांत जास्त दिसते, कारण मीठ धुऊन जायला काहीच वाव राहिलेला नसतो.

उपाय साधा आहे. जोराचा वारा पडल्यावर, ऊन तापण्याच्या आत, झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पाने दोन्ही बाजूंनी गोड्या पाण्याने धुवावीत. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण धुतलेले मीठ कुंडीतच उतरते. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पापडी आलेली असेल, तर मुळांशीही मीठ साचल्याची ती खूण आहे. ही पापडी केवळ समुद्राची नसते. रासायनिक खते हीसुद्धा क्षारच असतात, त्यामुळे झाड मरगळले म्हणून आणखी खत घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. कुंडीत जेवढी माती आहे तिच्या साधारण दुप्पट आकारमानाचे गोडे पाणी थांबून थांबून घालावे, ते खालच्या भोकातून पूर्ण वाहू द्यावे आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. ते तसेच राहिले तर धुतलेले मीठ पुन्हा वर चढते.

मातीतील क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात आणि 4 डेसीसीमेन प्रति मीटरच्या वर गेलेली माती खारवट मानतात. घेवडा आणि स्ट्रॉबेरी 1 च्या पुढेच कुरकुरू लागतात, टोमॅटो सुमारे 2.5 पर्यंत तग धरतो, बीट 4 पर्यंत निभावून नेते. भाजी लावायची असेल तर निवड या हिशेबाने करावी. समुद्रासमोर घेवड्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

वारा अडवण्यासाठी तुम्ही काचेचा कठडा करण्याचा विचार पत्रात लिहिला आहे. तो टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. भरीव अडथळ्यावरून वारा उसळी घेतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली आपटतो. त्यापेक्षा जिच्यातून निम्म्याच्या आसपास वारा पार होतो अशी जाळी, बांबूचा ताटवा किंवा खारे वारे सोसणाऱ्या झुडपांची रांग अधिक उपयोगी पडते, कारण ती वारा थोपवत नाही, त्याचा जोर मोडते. अशा आडोशाचा फायदा त्याच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत पोहोचतो.

प्रश्न : खारी हवा सोसणारी झाडे म्हणून मला कण्हेर, कोरफड, सदाफुली आणि सायकस सुचवण्यात आले आहे. घरात एक वर्षाची मांजरी आहे आणि ती दिसेल ते पान चावून पाहते. ही झाडे लावू का?

उत्तर : या चारांपैकी एकही लावू नये. खारा वारा सोसणारी झाडे आणि मांजराला अपायकारक झाडे या दोन याद्यांमध्ये बरीच नावे सामाईक आहेत, आणि रोपे विकणारा पहिली यादी पाठ असूनही दुसरीबद्दल बहुधा काही बोलत नाही. कण्हेरीच्या पानापासून खोडापर्यंत सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. सायकस ताडासारखे दिसत असले तरी ते ताडाच्या कुळातले नाही. त्याचे सर्व भाग विषारी असून बिया सर्वाधिक घातक आहेत आणि त्यांचा घाव यकृतावर बसतो. सदाफुलीतील अल्कलॉइडांपासून माणसांसाठी कर्करोगावरची औषधे तयार होतात, यावरूनच तिच्या ताकदीचा अंदाज यावा. कोरफडीचा गर आपण त्वचेला लावतो, पण तिच्या सालीखालचा पिवळा चीक मांजराच्या पोटात गेल्यास उलट्या आणि जुलाब होतात.

या यादीत नसलेले एक नाव मात्र सर्वांत आधी लक्षात ठेवावे, ते म्हणजे लिली. लिलियम आणि हेमेरोकॅलिस या प्रजातींतील लिलींचे पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते. फुलांचा गुच्छ भेट आला तर त्यात लिली नाही ना, हे दारातच पाहावे. मांजराने ती चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तरच आशा असते.

मग लावायचे काय? समुद्रासमोरच्या घरासाठी माझी पहिली पसंती रोझमेरीला आहे. तिची पाने बारीक, जाडसर आणि मेणचट असल्याने मीठ त्यांवर फारसे टिकत नाही, तिला कोरडी आणि निचऱ्याची माती चालते आणि मांजराला तिच्यापासून धोका नाही. जमिनीलगत पसरणारे पांढऱ्या फुलांचे अलिसम मूळचे सागरकिनाऱ्याचेच आहे आणि तेही निर्धोक आहे. आडोशाच्या आत झिनिया आणि सूर्यफूल लावता येईल. मांजरीला चावायची हौस आहे, तर तिच्यासाठी एका पसरट कुंडीत गहू किंवा ओट पेरून ठेवावे. स्वतःच्या मालकीचे गवत मिळाले, की बाकीच्या झाडांवरचे तिचे लक्ष बरेच कमी होते.

प्रश्न : मी क्रोशाचे काम करते आणि आमचा बोका शेजारी बसून लोकरीशी खेळतो. परवा त्याने हातभर धागा गिळला, असे मुलगी म्हणते. तो खातोपितो आहे. काळजी करावी का?

उत्तर : तुमचे पत्र मिळताच वेगळ्याने उत्तर पाठवले आहेच, तरी इतर वाचकांसाठी ते सविस्तर देतो आहोत, कारण या विषयावर लोक हसत हसत लिहितात आणि हसण्यासारखे त्यात काही नाही.

मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले टणक काटे असतात. अंग चाटून साफ करायला ते उत्तम, पण जिभेवर आलेला धागा त्यांच्यामुळे आतच सरकतो. बाहेर थुंकणे मांजराला जवळजवळ जमत नाही. आत जाणाऱ्या धाग्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे ढकलले जाते. आतडे धाग्याला पुढे नेण्याचा प्रयत्न करीत राहते, धागा तर हलत नाही, आणि मग पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसे आतडेच त्या धाग्यावर गोळा होते. ताणलेला धागा आतड्याची भिंत चिरू शकतो. उलट्या, खाण्यावरची वासना उडणे, कोपऱ्यात जाऊन बसणे, पोटाला हात लावू न देणे ही लक्षणे कधी लगेच, तर कधी एक-दोन दिवसांनी दिसतात. म्हणून बोका आज खातो आहे यावर विसंबू नये, आणि गिळताना कोणी पाहिले असेल तर लक्षणांआधीच पशुवैद्याकडे जावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. तोंडातून किंवा शेपटीखालून धाग्याचे टोक लोंबताना दिसले तरी ते ओढू नये, कारण दुसरे टोक आत कुठे गुंतले आहे हे आपल्याला दिसत नाही. आणि घरच्या घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. जाताना त्याच धाग्याचा तुकडा बरोबर न्यावा. क्ष-किरण चित्रात साधा धागा बहुधा दिसत नाही, त्यामुळे काय गिळले आहे हे डॉक्टरांना कळणे महत्त्वाचे असते. धाग्याला सुई होती का, हेही आठवून सांगावे.

विणकाम सोडण्याचे कारण नाही. गुंडा झाकणाच्या वाडग्यात ठेवावा आणि धागा झाकणाच्या भोकातून बाहेर घ्यावा. कापलेली टोके मांडीवर किंवा जमिनीवर न टाकता तोंड बंद होणाऱ्या बरणीत टाकावीत, कारण बोटभर तुकडेही गिळले जातात. उठताना काम तसेच खुर्चीत न ठेवता चेनच्या पिशवीत घालून ठेवावे. बोक्याला खेळायला काठीला बांधलेले खेळणे द्यावे, पण खेळ संपताच तेही कपाटात जावे. काही मांजरे लोकर चोखतात आणि चावूनही टाकतात; सयामी आणि बर्मन जातींत ही सवय विशेष आढळते. तुमचा बोका त्यातला असेल तर लोकर आणि तो यांच्यामध्ये एक बंद दार असणे हाच उपाय.

प्रश्न : लोकरीला ओल येते, कसर लागते, सुयांवर गंज चढतो. लोकरीच्या पेटीत डांबरगोळ्या ठेवल्या तर मांजर त्या खोलीत शिंकत राहते. काय करावे?

उत्तर : डांबरगोळ्या आजच काढाव्यात. त्यांतले नॅप्थलीन मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना आणि यकृताला अपाय करते, आणि गोळी जमिनीवर घरंगळली तर मांजर तिच्याशी खेळणार हे ठरलेलेच. त्यांच्या जागी कापूर किंवा सुगंधी तेलाचे बोळे ठेवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, तोही ऐकू नये. अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी आपल्या यकृतात जी यंत्रणा असते, ती मांजरात फार दुबळी आहे, आणि अंगावर बसलेले तेल ते चाटून पोटात घेते.

कसरीवर थंडी हा उत्तम उपाय आहे. लोकर खाते ती पतंगाची अळी; उडणारा पतंग काही खात नाही. लोकर कोरडी करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावी आणि उणे 18 अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी, म्हणजे अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, नाही तर आत दव धरेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

ओलीचे गणित जरा समजून घेण्याजोगे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास पोहोचली, की साधे मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरते. म्हणजे सुईवर, कात्रीवर, शिवणयंत्रावर मिठाचा न दिसणारा थर असेल, तर पाऊस नसतानाही त्या वस्तूवर खाऱ्या पाण्याची पातळ साय सतत राहते. गंज तिथूनच सुरू होतो, आणि नुसते तेल चोपडल्याने तो थांबत नाही, कारण मीठ तेलाखाली तसेच राहते. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे, मग कोरडे करावे आणि मगच शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. स्वयंपाकाचे तेल वापरू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि धाग्याला लागते. विणायच्या सुया बांबूच्या घेतल्या तर हा प्रश्नच उरत नाही. स्टेनलेस स्टील घ्यायचे असेल तर मॉलिब्डेनम असलेले 316 प्रतीचे घ्यावे. सर्वत्र मिळणाऱ्या 304 वर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून हाताने चाचपून पेटी बंद करू नये. ऊन वर येऊन दव सुकल्यावर आणि समुद्राकडून वारा सुटण्यापूर्वी जो वेळ मिळतो, त्यात लोकर पसरून ठेवावी, आणि तेव्हाच घट्ट झाकणाच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद करावी. निळे मणी असलेल्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. नारिंगी मण्यांचे किंवा बिनरंगी घ्यावे, जाड कापडाच्या शिवलेल्या पुरचुंडीत ठेवावे आणि मांजराच्या हाती लागू देऊ नये.

प्रश्न : किनाऱ्यावर वेचलेले शिंपले लाकडी चौकटीत चिकटवून मी भिंतीवरची शोभेची चित्रे करतो. काही महिन्यांनी शिंपल्यांवर पांढरी भुकटी येते. ही बुरशी आहे का?

उत्तर : बुरशी नाही. ही भुकटी संग्रहालयांच्या चांगल्या ओळखीची असून तिला बाईनचा रोग म्हणतात, जरी तो रोग नव्हे. शंखशिंपल्यांचे अभ्यासक लॉफ्टस बाईन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याविषयी लिहिले आणि तिचा दोष जीवाणूंना दिला. पुढे कळले, की हा सगळा रसायनाचा खेळ आहे. शिंपला हा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ओक लाकडातून, प्लायवूड आणि एमडीएफमधून (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीतून), हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ सावकाश बाहेर पडत राहते. दमट हवेत ती शिंपल्यावर बसते आणि त्याचे पृष्ठ विरघळवून त्याजागी कॅल्शियमचे पांढरे क्षार तयार करते. शिंपल्यात समुद्राचे मीठ राहिले असेल तर ओल टिकते आणि काम अधिक वेगाने होते.

तुमच्या बाबतीत आणखी एक संशयित आहे. शिंपले चिकटवायला, लावताना व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन तुम्ही वापरत असाल, तर ते वाळताना हेच आम्ल सोडते. त्याऐवजी न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे. शिंपले वापरण्याआधी काही दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, भिजवावेत आणि सावलीत पूर्ण सुकवावेत. चमक आणण्यासाठी त्यांना व्हिनेगरमध्ये बुडवण्याची पद्धत आहे, ती शिंपला थोडा थोडा खाणारीच आहे. मागची पाटी लाकडाऐवजी काचेची किंवा धातूची केल्यास चित्रे टिकतील. ज्या शिंपल्यांवर भुकटी आली आहे ते गोड्या पाण्यात धुऊन, सुकवून वेगळे ठेवावेत. गेलेली झिलई मात्र परत येणार नाही.

वेचण्याबद्दलही थोडे लिहितो, तुम्ही विचारले नसले तरी. आत जीव असलेला शंख उचलू नये, आणि शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखाला तर जिवंत असताना हातच लावू नये. कोन जातीच्या काही गोगलगायींचा दंश माणसाला मारू शकतो. रिकामे शिंपलेही निकामी नसतात, संन्यासी खेकडे त्यांत घर करतात. स्पेनच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरील एका पुळणीची 1978 ते 1981 आणि 2008 ते 2010 या काळांतील मोजणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली; पर्यटक जवळपास तिप्पट झाले त्या काळात तिथले शिंपले निम्म्याहूनही कमी उरले होते. एका चौकटीला लागतात तेवढेच आणावेत.

प्रश्न : आमची पांढरी मांजरी किनाऱ्यावर जाते, खाऱ्या पाण्यात पंजे भिजवते आणि घरी येऊन चाटत बसते. तिने समुद्राचे पाणी प्यायलेलेही मी पाहिले आहे. तिच्या कानांची टोकेही अलीकडे लालसर दिसतात.

उत्तर : तुमच्या तीन गोष्टींपैकी मला काळजी शेवटची वाटते, म्हणून आधी ती. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या टोकांवर आणि नाकावर केस विरळ असतात व त्वचेत रंगद्रव्य नसते, त्यामुळे उन्हातील अतिनील किरणांनी तिथे आधी दाह होतो आणि पुढे त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. वाळूवरून परावर्तित होणारे किरण त्यात भर घालतात. लालसरपणा जात नसेल, खपली धरून पुन्हा पुन्हा निघत असेल तर तपासणी लांबवू नये. उन्हाच्या वेळी तिला घरात ठेवावे. माणसांसाठीचे सनस्क्रीन तिला लावू नये. त्यांतील झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट चाटल्याने पोटात जाऊन अपाय करतात.

मांजराची मूत्रपिंडे आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट लघवी तयार करू शकतात, त्यामुळे दोन-चार घोट खारे पाणी तिला आपल्याइतके बाधत नाही. पण ही तिची आणीबाणीची सोय आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात, आणि ती ते पिते आहे याचा अर्थ घरातले पाणी तिला आवडत नाही किंवा पुरत नाही, असा घ्यावा. पसरट, काठोकाठ भरलेली भांडी दोन-तीन ठिकाणी, तिच्या खाण्यापासून दूर ठेवून पाहावीत. उलट्या, तोल जाणे किंवा झटके दिसले तर ताबडतोब डॉक्टर गाठावेत. घरी आल्यावर पंजे गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावेत आणि बोटांच्या मधल्या फटी पाहाव्यात. वाळू, डांबराचे ठिपके आणि मासेमारीच्या दोऱ्याचे तुकडे तिथेच अडकतात. लाटेबरोबर आलेले मेलेले मासे आणि जेलीफिश तिला हुंगू देऊ नयेत. फुगा माशाचे विष तो मेल्यावरही शाबूत असते.

प्रश्न : मांजर वाफ्यातली रोपे उकरून तिथेच घाण करते. सून गरोदर आहे, म्हणून भीती वाटते. उपाय सुचवावा.

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही, पण तिला घाबरून मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी काही मांजरांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मात्र ती बाहेर पडताच संसर्ग करीत नाहीत, त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढणे हाच खरा बचाव आहे आणि ते काम सूनबाईंनी करू नये. बागेतील मातीत त्यांनी हातमोज्यांशिवाय काम करू नये आणि वाफ्यातली भाजी नीट धुऊनच वापरावी. काढलेली घाण पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी. ती नाल्यात किंवा समुद्रात सोडू नये. ही अंडी खाऱ्या पाण्यातही महिनोन् महिने टिकतात आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सागरी पाणमांजरांच्या मृत्यूंशी त्यांचा संबंध आढळलेला आहे.

मांजराला मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती हवी असते. वाफ्यावर जाड काटक्या आडव्यातिडव्या पसराव्यात किंवा आच्छादनाखाली प्लास्टिकचा लेप असलेली तारेची जाळी अंथरावी. साधी तार खाऱ्या हवेत गंजून तुटते आणि पंजाला लागते. कोकोच्या (नारळाच्या नव्हे, चॉकलेटच्या बियांच्या) टरफलांचे आच्छादन आणि गोगलगायी मारण्याच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरू नयेत, दोन्ही विषारी आहेत. बागेच्या निवांत कोपऱ्यात वाळूचा एक पसरट खोका ठेवला तर मांजर आपणहून तिकडे वळेल. वाळू पुळणीवरून आणू नये. ती खारट असते, पंजे चाटताना पोटात जाते, आणि ती उचलण्यास अनेक देशांत बंदीही आहे.

प्रश्न : मुलांबरोबर कणीक आणि मीठ मळून त्यांच्या शोभेच्या वस्तू करतो. त्या आमच्याकडे मऊ का पडतात?

उत्तर : मीठ हवेतली ओल ओढते म्हणून, आणि समुद्राकाठी ते टळणार नाही. घरात मांजर असेल तर हा पिठाचा गोळा मुळीच करू नये. त्यात मिठाचे प्रमाण इतके असते, की थोडासा खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. मुलांना भाजायची किंवा हवेत वाळणारी माती द्यावी.

प्रश्न : वाहून आलेल्या लाकडापासून मांजरासाठी नखे घासण्याचा खांब करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : कल्पना उत्तम आहे. लाकडाला डांबर किंवा रंग लागलेला नाही आणि ते आतून पोकळ, भुसा झालेले नाही, हे आधी पाहावे. ते दोन-तीन आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे आणि मग सावलीत सुकवावे. घाईने उन्हात ठेवल्यास ते तडकते. उरलेले तुकडे शेकोटीत घालू नयेत, कारण खारवलेले लाकूड जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात.

मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाईल इतकी, म्हणजे 80 ते 90 सेंटिमीटर उंची ठेवावी आणि तळाची फळी इतकी जड असावी, की खांब डुलणार नाही. एकदा तो अंगावर आला तर मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. गुंडाळायला सिसलची दोरी घ्यावी. किनाऱ्यावर सापडणारी नायलॉनची दोरी फुकट असली तरी घेऊ नये, तिचे तंतू सुटून पोटात जातात. दोरीची टोके खिळ्यांनी किंवा स्टेपलरच्या पिनांनी ठोकू नयेत, त्या गंजून बाहेर येतात. लाकडाला आरपार भोक पाडून टोक त्यात ओवावे आणि लाकडाच्या गोंदाने पक्के करून, गोंद पूर्ण वाळल्यावरच खांब मांजराच्या स्वाधीन करावा.